बकरी ईदची सुरी आणि मे महिन्याची भट्टी

सुरी, सुरा, सत्तूर बनविणाऱ्या आपल्या कारीगरांना वर्षात मोठा हंगाम एकच मिळतो, तो बकरी ईदचा. कापडाच्या धंद्यात रमजान आहे, लग्नसराई आहे, दिवाळी आहे. एक हंगाम बुडाला तर दुसऱ्यावर निभावते. लोहाराचे तसे नाही. शव्वालचा चाँद दिसला की खाटीक, किरकोळ दुकानदार, फेरीवाले यांच्या मागण्या सुरू होतात आणि जिल्हजच्या नऊ तारखेच्या रात्रीपर्यंत चालतात. त्यानंतर तोच सुरा निम्म्या भावातही कोणी विचारीत नाही. हे सुमारे ६८ दिवस म्हणजे कारीगराचे वर्ष.

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा १०-११ दिवसांनी लहान असल्यामुळे हा हंगाम दरवर्षी मागे सरकतो. २०२४ साली बकरी ईद १७ जूनला झाली, २०२५ साली ७ जूनला. त्यापुढे ती मे महिन्यात शिरते, २०२९ साली एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास आणि २०३१ साली एप्रिलच्या आरंभी येते. २०२५ साली रमजान ईद ३१ मार्चला होती, म्हणजे एप्रिल आणि मे हे दोन्ही महिने सबंध भट्टीसमोर गेले. असे दिवस ३३ वर्षांनी फिरून येतात. १९९३ साली बकरी ईद जूनच्या आरंभी होती आणि १९९६ साली एप्रिलच्या अखेरीस. त्या वेळी ज्यांनी ऐन उमेदीत घण मारला ते आज साठीच्या पुढे आहेत, आणि भट्टीवर त्यांची मुले आहेत. मुलांना हा उन्हाळ्याचा हंगाम नवा आहे.

उन्हाळ्याचा परिणाम कारीगराच्या अंगावर होतो तसा मालावरही होतो. अंगावरचा सर्वांना दिसतो. मालावरचा मात्र फार थोडे व्यापारी ध्यानात घेतात. जानेवारीत पाणी दिलेली सुरी आणि मे महिन्यात भर दुपारी पाणी दिलेली सुरी एकाच हाताची असली तरी सारखी निघेलच असे नाही. या दोन्ही बाजू येथे पाहू, आणि नंतर पैशाचा प्रश्न घेऊ. माझ्या मते दुखण्याचे मूळ तेथेच आहे.

घरातली भट्टी

आपल्याकडचे बहुतेक कारखाने म्हणजे घरच. पुढच्या पडवीत किंवा मागच्या परसात पत्र्याची शेड, एका कोपऱ्यात भट्टी, मध्ये लाकडाच्या ओंडक्यावर ऐरण, बाजूला पाण्याची टाकी, आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. पश्चिम महाराष्ट्रात शिकलगार आडनावाची शेकडो घरे आहेत. हा शब्द मुळात अरबी ‘सैकल’ म्हणजे घासून चमक आणणे यावरून आला. उर्दूत सैकलगर, मराठीत शिकलगार. पूर्वी तलवारींना धार आणि झिलई देणारी ही बिरादरी. अनेक घरांत हे काम आजही उंबऱ्याच्या आतच चालते.

घरात भट्टी असणे ही काही कमीपणाची गोष्ट नव्हे. प्रेषित (स.) यांचे चिरंजीव हजरत इब्राहीम यांना दूध पाजण्यासाठी मदिन्यात ज्या घरी ठेवले होते, ते घर अबू सैफ नावाच्या लोहाराचे होते. घरात धूर कोंडलेला असे, आणि प्रेषित (स.) तिकडे निघालेले पाहून हजरत अनस (रजि.) पुढे धावले व त्यांनी अबू सैफ यांना भाता थांबवायला सांगितले, असा उल्लेख सहीह मुस्लिममध्ये आहे. घरचा कारखाना, त्यातला धूर आणि पाळण्यातले मूल, हे सगळे एकाच छपराखाली तेव्हाही होते.

फरक असा पडला आहे की घरे आता एकमेकांना खेटली. परसातले झाड गेले, कौले जाऊन पत्रा आला, खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीने बंद झाली. विदर्भ, खानदेश, मालेगाव या बाजूला मे महिन्यात पारा ४२ ते ४५ पर्यंत जातो, तो सावलीतला. पत्र्याखाली, पेटत्या भट्टीपासून दोन हातांवर काय असेल ते तेथे उभे राहूनच कळते.

अंगात काय होते

माणसाचे शरीर ३७ अंशांवर चालते. बाहेरची हवा कातडीपेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा जास्त तापली की शरीराची उष्णता हवेत जात नाही, उलट हवेतली अंगात येऊ लागते. मग एकच मार्ग उरतो, तो घाम वाळण्याचा. भट्टीवर घण मारणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. तेवढे पाणी परत गेले नाही तर रक्त दाट होते, डोके दुखते, पायात गोळे येतात. शरीराच्या आतली उष्णता ४० अंशांवर गेली की तो उष्माघात. मग जीवावर बेतते.

कोकणातल्या आणि मुंबईच्या भावांनी असे समजू नये की आपल्याकडे पारा ३५-३६ च्या पुढे जात नाही म्हणून धोका नाही. दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळतो, आणि गळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, तेव्हाही पारा विदर्भासारखा चढलेला नव्हता.

‘घाम थांबला म्हणजे उष्माघात’ अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाला लागू पडते. कष्ट करणारा माणूस घामाने निथळत असतानाही उष्माघाताने पडू शकतो. खरी खूण म्हणजे वागणे बदलते. तो असंबद्ध बोलू लागतो, चालताना झोकांड्या देतो, हातातला हातोडा कोठे ठेवला ते विसरतो, विनाकारण चिडतो. असे दिसले की त्याला सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतीत वारा घालावा, बर्फ मिळाला तर काखेत व जांघेत ठेवावा, आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. गाडी येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये, कारण पहिल्या अर्ध्या तासातच पुष्कळसा निकाल लागतो.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यावे. दिवसभर नुसते पाणी पिऊन भागत नाही, घामाबरोबर मीठही जाते. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचे सरबत पुरते. मीठ घातलेले ताकही चांगले. रक्तदाब असलेल्यांनी मिठाबाबत डॉक्टरांना विचारावे. चहा मात्र भट्टीवर जितका उकळतो तितका प्यायलाच पाहिजे असे नाही.

आणखी एक गोष्ट नव्या पोरांच्या बाबतीत. सुटी लागली की भाच्याला, पुतण्याला हाताखाली घेतात आणि पहिल्याच दिवशी आठ तास उभे करतात. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा वेळ, मग रोज तेवढाच वाढवीत न्यावा. गावाहून पंधरा दिवसांनी परत आलेल्या जुन्या कारीगरालाही हाच हिशेब लावावा.

पोलादात काय होते

आता मालाकडे येऊ. आपल्याकडच्या सुऱ्या आणि सत्तूर बहुतेक भंगारातल्या पोलादाचे असतात. मालमोटारीच्या कमानीचा पाटा, जुनी कानस, बेअरिंगची कडी. त्यात गैर काही नाही. आम्हा कापडवाल्यांच्या हातात जी मेरठची कैची असते, तिला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तीही अशाच जुन्या पोलादातून घडते. कमानीच्या पाट्यात कार्बन अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो, कानशीत एक टक्का किंवा त्याहून थोडा जास्त. पाट्याचा सत्तूर चिवट होतो, कानशीची सुरी कडक पण ठिसूळ होते. हे प्रत्येक लोहार जाणतो, कार्बनचा आकडा माहीत नसला तरी.

पाते घडवून झाले की त्याला पाणी देतात. लाल करून बुडविले की पोलाद कडक होते. येथेच उन्हाळा आडवा येतो. तापलेले पाते पाण्यात जाताच त्याच्याभोवती वाफेचे पांघरूण तयार होते. पाणी थंड असेल तर हे पांघरूण लगेच फुटते आणि पाते झपाट्याने निवते. पाणी कोमट असेल तर ते जागोजागी टिकून राहते. जेथे टिकले तेथे पोलाद सावकाश निवते आणि मऊ राहते. पत्र्याखालची टाकी दुपारी आधीच कोमट असते, त्यात पंधरा-वीस पाती बुडविली की ती आणखी तापते. मग एकाच सुरीची टोकाकडची धार कडक आणि मधली मऊ, असा माल निघतो. गिऱ्हाईक दुकानदाराला म्हणते, कारीगर बदलला वाटते. कारीगर तोच असतो, टाकीतले पाणी बदललेले नसते.

उपाय साधा आहे. टाकी शेडच्या सावलीच्या बाजूला, शक्य तर अर्धी जमिनीत पुरलेली असावी. पाणी देण्याचे काम पहाटे करावे आणि हात बुडवून कोमट लागले की पाणी बदलावे. साध्या कार्बन पोलादासाठी दहा लिटर पाण्यात किलोभर मीठ घातले तर वाफेचे पांघरूण लवकर फुटते. पण कमानीचा पाटा मिठाच्या किंवा साध्या पाण्यात देऊ नये. त्यात सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम अशा धातूंची भेसळ असते, तो पाण्यात तडकतो. त्याला तेलच लागते.

तेलाचे गणित पाण्याच्या उलट आहे. थंड तेल दाट असते आणि पात्याभोवती नीट फिरत नाही. ५०-६० अंशांपर्यंत गरम असलेले तेल चांगले काम करते. म्हणजे या एका बाबतीत उन्हाळा लोहाराच्या बाजूने आहे. मात्र त्यापुढे तेल तापू दिले तर पाते बुडविताच वर भडका उडतो. पाते अर्धे आत आणि अर्धे बाहेर धरून ठेवले तर तो हमखास उडतो. तेलाचे भांडे खोल असावे, पाते एका दमात पूर्ण आत जावे, शेजारी घट्ट बसणारे पत्र्याचे झाकण आणि वाळूची बादली असावी. पेटलेल्या तेलावर पाणी टाकणे म्हणजे आग घरभर उडविणे होय. मोटारीचे जळके ऑईल फुकट मिळते म्हणून अनेक जण वापरतात. त्याचा धूर छातीत जातो आणि भिंतीपलीकडे मुलांच्या छातीतही जातो. शेंगदाण्याचे किंवा सरकीचे साधे तेल महाग पडते, पण एकदा भरलेले भांडे गाळून गाळून पुष्कळ दिवस चालते.

दुसरी अडचण उजेडाची. लोहार तावाचा अंदाज रंगावरून घेतो. मे महिन्यातल्या झगझगीत उजेडात लाल रंग फिका दिसतो, म्हणून ताव कमी आहे असे वाटून पाते जास्त तापविले जाते. जास्त तापले की पोलादाचा कण मोठा होतो आणि पाते ठिसूळ बनते. वारा यावा म्हणून दार उघडावे तर उजेड येतो, आणि उजेड अडवावा तर वारा अडतो. यावर उपाय म्हणजे जुन्या स्पीकरमधले चुंबक तारेला बांधून भट्टीजवळ टांगून ठेवणे. सुमारे ७७० अंशांवर पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते. चिकटणे बंद झाले की थोडासाच आणखी ताव द्यावा आणि बुडवावे. डोळ्याला ऊन फसविते, चुंबकाला फसवीत नाही.

तिसरी गोष्ट थकव्याची. पाणी दिल्यावर पात्याला पुन्हा हलकी ऊब देऊन कडकपणा थोडा उतरवावा लागतो. पाते घासून चकचकीत केले की त्यावर रंग चढताना दिसतो. गवतासारखा फिका पिवळा, म्हणजे सुमारे २२० अंश, हा सुरीला चांगला. तपकिरी, म्हणजे २४०-२५०, हा हाडावर चालणाऱ्या सत्तूराला चांगला. निळा झाला की धार टिकत नाही. हे काम सावकाशीचे आहे, आणि दुपारी दोन वाजता कंटाळलेला, डोके दुखत असलेला माणूस नेमके हेच काम उरकून टाकतो. मग ईदच्या दिवशी सत्तूर हाडावर पडताच धारेची कपची उडते आणि मटणात जाते, किंवा खाटकाच्या डोळ्यात.

जनावराला त्रास होऊ नये म्हणून जबह करण्यापूर्वी सुरी धारदार करून घेण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. खाटीक धार करून घेईलही, पण मधल्या भागात मऊ राहिलेल्या पात्याची धार पाचव्या बकऱ्यापर्यंत टिकत नाही. त्याची जबाबदारी भट्टीवर येते, आणि त्या भट्टीला मे महिन्यात पेटायला लावणाऱ्या व्यापाऱ्यावरही.

शेड, पडदा आणि कपडा

ज्यांना उन्हाळ्यात काम करणे भागच आहे त्यांनी शेडमध्ये थोडे फेरफार करावेत. पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात दिले तर ऊन बरेच परतते, आणि खर्च फार येत नाही. हवेसाठी एका बाजूला जमिनीलगत झडप आणि समोरच्या बाजूला छपरालगत फट ठेवावी. गरम हवा वरून निघते, थंड खालून येते. भट्टीवर पत्र्याचा टोप आणि त्यावर छपराच्या वर गेलेले धुराडे हवेच. धुराडे जितके उंच तितकी ओढ चांगली.

हे केवळ धुरासाठी नव्हे. कोंडलेल्या जागेत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर ही त्याची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच असतात, त्यामुळे माणूस ऊन लागले समजून त्याच शेडमध्ये आडवा होतो. हा मोठा धोका आहे. डोके दुखले की आधी उघड्यावर यावे, कारण काहीही असो. रात्रीच्या गारव्यात दार लावून काम करणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. निखारे राहिलेल्या शेडमध्ये झोपू नये.

भट्टीची धग हवेतून येते त्यापेक्षा जास्त सरळ प्रकाशासारखी अंगावर पडते. पंख्याने ती अडत नाही. उलट ४२ अंशांची हवा कोरड्या अंगावर मारणारा पंखा अंग आणखी तापवितो. पंख्याचा उपयोग अंग ओले असेल तरच. त्यापेक्षा भट्टी आणि ऐरण यांच्यामध्ये चकचकीत पत्र्याचा पडदा टांगावा. पाते काढताना बाजूला सारावा, घडविताना परत ओढावा. कारीगराचा बराच वेळ ऐरणीवर जातो. तेवढा वेळ तरी त्याची पाठ भाजायला नको.

कपड्याविषयी लिहायला मला कोणी सांगायला नको. आपले कारीगर एकतर उघड्या अंगाने नाहीतर टेरीकॉटच्या जुन्या शर्टात काम करताना दिसतात. टेरीकॉटमध्ये बहुधा दोन हिस्से पॉलिएस्टर आणि एक हिस्सा सूत असते. पॉलिएस्टर घाम शोषीत नाही, आणि २५०-२६० अंशांवर वितळते. ऐरणीवरची ठिणगी त्याहून पुष्कळ तापलेली असते. सुती कापडावर ठिणगी पडली तर काळे भोक पडते. पॉलिएस्टरवर पडली तर ते वितळून कातडीला चिकटते आणि ओढून काढताना कातडी घेऊन येते. स्वस्त साड्यांचे आणि ओढण्यांचे कापडही बहुतेक पॉलिएस्टरच असते, आणि घरोघरी भाता फिरविण्याचे किंवा समोरून घण मारण्याचे काम घरातल्या बायकाच करतात. त्यांचा कोणी विचारच करीत नाही.

जाड विणीचे साधे मांजरपाट घ्यावे, रंगविलेले नसले तरी चालेल. सैल, पूर्ण बाहीचा, खिसे आणि झालर नसलेला सदरा शिवावा. उघडे अंग थंड वाटते खरे, पण धग सरळ कातडीवर पडते. सुती सदरा पाण्यात भिजवून पिळून घातला तर तासभर गारवा देतो. मात्र तापलेले पाते किंवा सांडस ओल्या कापडाने कधी धरू नये, वाफेने हात भाजतो. बायकांनी ओढणी-पदर सुती घ्यावा आणि खोचून बांधावा. पुढे कातड्याचा ऐप्रन, पायात बंद कातडी बूट. रबरी चप्पल हे भट्टीवरचे पादत्राण नव्हे. कापड पारखायचे असेल तर एक धागा काढून काडीने पेटवावा. सूत कागदासारखे जळून राख होते, पॉलिएस्टरचा कडक काळा मणी बनतो.

कामाचे तास फजरच्या नमाजनंतर दहापर्यंत. दुपारी लाकडी मुठी, रिवेट, कातडी म्यान अशी सावलीतली कामे. अस्रनंतर उजेड असेपर्यंत धार. वीज असेल तर धारेचे चाक रात्रीही चालते, पण शेजारी झोपलेले असतात हेही पाहावे लागते.

हंगाम मागे कसा न्यावा

हे सर्व उपाय करूनही मे महिन्याची भट्टी ती भट्टीच. खरा उपाय असा की भट्टीचे काम उन्हाळ्यात ठेवूच नये. सध्या रज्जब आणि शाबान हे महिने डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान येतात. थंडी असते, टाकीचे पाणी गार असते, उजेड सौम्य असतो. सुरीचे घडविणे, पाणी देणे आणि कडकपणा उतरविणे एवढे या दोन महिन्यांत उरकावे. रमजान रोज्यात जाईल. शव्वालनंतर मूठ बसविणे आणि धार एवढेच राहील. समजा ३०० सुऱ्यांची मागणी आहे आणि थंडीत दिवसाला १५ पाती होतात. वीस दिवसांत भट्टी विझते. तेच काम एप्रिल-मेमध्ये फजर ते दहा एवढ्याच वेळात करायचे म्हटले तर महिना पुरत नाही, म्हणून कारीगर दुपारी उभा राहतो.

हे कारीगराला कळत नाही असे नाही. एका वयस्क कारीगरांना मी विचारले, चाचा, तुम्ही हिवाळ्यात पाती करून का ठेवीत नाही? ते म्हणाले, “सेठ, पाटा रोकड्याने येतो, कोळसा रोकड्याने येतो. जानेवारीत मला कोण पैसे देतो?” प्रश्न सरळ आहे. ठोक व्यापारी मागणी नोंदवितो शव्वालमध्ये आणि पैसे देतो मुहर्रममध्ये. मधल्या काळात कारीगर पाटा-कोळशासाठी उधारी करतो आणि माल उशिरा निघाला की भाव पाडून घेतला जातो.

कापडाच्या धंद्यात असे कोणी करीत नाही. रमजानचे कापड रमजानमध्ये विणायला टाकीत नाहीत. महिनोन्महिने आधी सूत, यंत्रमाग, प्रोसेस यांत पैसा घातलेला असतो. सुरीच्या व्यापाऱ्याने तसे का करू नये? आपल्या फिक्हमध्ये यासाठी रस्ता आहे. कारीगराने आपल्या मालमसाल्याने ठरावीक वस्तू बनवून द्यायची, या कराराला इस्तिस्नाअ म्हणतात. हनफी मजहबमध्ये तो जायज आहे आणि त्यात पैसे आधी, हप्त्याने किंवा नंतर, जसे ठरेल तसे देता येतात. कोकणातल्या शाफई भावांसाठी असा सौदा सलमच्या नियमांनी करावा लागतो, म्हणजे पूर्ण रक्कम सौद्याच्या वेळीच द्यायची. पाटा व्यापाऱ्यानेच आणून दिला तर तो इस्तिस्नाअ राहत नाही, ती मजुरी होते, आणि नुकसानीचे नियम बदलतात. आपल्या आलिमांना विचारूनच मसुदा करावा. यात व्याजाचा प्रश्न येत नाही, आणि मजुराच्या घामाबद्दलची हदीस ज्यांना पाठ आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

कायदाही आता कारीगराच्या बाजूला थोडा झुकला आहे. २०२० पासून उद्यम नोंदणी चालू आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे आहेत. थकविले तर ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही. २०२४ साली आम्हा कापडवाल्यांनी या तरतुदीवर बराच आरडाओरडा केला. मला स्वतःला ती वाईट वाटत नाही. त्याचप्रमाणे सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहार आणि शस्त्रकार दोन्ही आहेत. तिच्यातला कर्जाचा भाग व्याजाचा आहे. तो सोडला तरी प्रशिक्षण आणि औजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य हे कर्ज नव्हे.

हिवाळ्यात माल साठवायचा म्हटले की एक शंका प्रत्येक घरात निघते, आणि ती मोकळेपणाने लिहिली पाहिजे. घरात दोनशे सुऱ्या ठेवल्या आणि कोणी वाईट हेतूने खबर दिली तर? शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात, पण घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनविलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. खाटकाचा सुरा आणि सत्तूर हे धंद्याचे हत्यार आहे. मात्र ते सांगायला कागद लागतो. उद्यमचे प्रमाणपत्र, पाट्याच्या खरेदीचे बिल, व्यापाऱ्याची लेखी मागणी आणि तिच्यातले नग, हे सर्व शेडमध्येच एका फाईलमध्ये असावे. साठा बिनधारेचा आणि बिनमुठीचा ठेवावा. तेल लावून कागदात गुंडाळलेली कच्ची पाती दमट हवेतही गंजत नाहीत, आणि ती पाहणाऱ्यालाही कच्चा मालच दिसतात. शेजारी कोणत्याही समाजाचे असोत, त्यांना आपण काय बनवितो हे आधीपासून माहीत असलेले बरे.

सौद्याच्या चिठ्ठीत पात्याची लांबी, रुंदी, जाडी, कोणत्या पोलादाचे, नगाचा भाव, आधी किती रक्कम आणि उरलेली केव्हा, कच्ची पाती कोणत्या तारखेला आणि धार लावून कोणत्या तारखेला, एवढे स्पष्ट असावे. पाणी देताना शंभरात काही पाती तडकतातच. ती कोणाच्या खाती, हेही लिहावे, कारण बहुतेक भांडणे त्यावरच होतात. इस्तिस्नाअमध्ये ती कारीगराच्या खाती जातात, म्हणून भाव ठरविताना त्याने ती धरून भाव सांगावा. चिठ्ठीच्या दोन प्रती, दोन्हींवर दोन साक्षीदार. जमादिलआखरच्या मध्यावर चिठ्ठी झाली आणि पहिला हप्ता हातात पडला तर पाटा आणि कोळसा आणायला दोन आठवडे मिळतात आणि रज्जबच्या पहिल्या आठवड्यात भट्टी पेटू शकते.